माळावरचा प्राणी बुजतो कधी आणि का: सोलापूरच्या रानात फिरणाऱ्यांसाठी

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. तिथला माळ मुरमाड आणि उघडा आहे. गवत गुडघ्याएवढे, मध्ये मध्ये तरवड, बोरीची झुडपे, एखादा हिवर, आणि वनखात्याने जुन्या काळी लावलेल्या ग्लिरिसिडियाचे पट्टे. अशा रानात लपत जायचे म्हटले तरी लपायला जागा नसते. तुम्हाला काळवीट दिसते त्याच्या कितीतरी आधी काळविटाने तुम्हाला पाहिलेले असते. त्यामुळे जंगलात झाडाआडून पुढे सरकण्याचे जे तंत्र सांगितले जाते ते इथे निरुपयोगी आहे, उलट घातक आहे. लपून अचानक उगवणारा माणूस हा प्राण्याच्या हिशेबात शिकारी असतो. माळावर एकच मार्ग उरतो: उघडपणे दिसायचे, पण धोका वाटणार नाही असे वागायचे.

त्यासाठी आधी दोन अंतरे समजून घ्यावी लागतात. प्राणी चरणे किंवा रवंथ थांबवून तुमच्याकडे पाहतो ते दखल-अंतर. तो जागा सोडून निघतो ते पळ-अंतर. प्रत्येक जातीचे आणि परिस्थितीचे पळ-अंतर वेगळे असते, ही मांडणी स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी विसाव्या शतकात केली. त्यांनी आणखी एक अंतरही सांगितले: त्याहून जवळ गेले आणि प्राण्याला पळायला वाट उरली नाही, तर तो उलटतो. बहुतेक लोक फक्त पळ-अंतर मोजतात, म्हणजे प्राणी पळाला की ‘जरा जवळ गेलो वाटतं’ असे म्हणतात. खरे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. मान वर करून उभे असलेले काळवीट चरत नाही, पिलाला पाजत नाही, आणि पाठीमागून येणाऱ्या लांडग्याकडे त्याचे लक्ष नसते. सकाळभरात पाच गट येऊन गेले आणि कळप एकदाही पळाला नाही, तरी त्या कळपाची चरण्याची सर्वात थंड वेळ वाया गेलेली असू शकते.

पळाला नाही म्हणजे त्रास झाला नाही, हा समज सर्वात महागात पडतो. हद्द धरून बसलेला काळा नर जागा सोडायला नाखूश असतो, कारण तो हलला की शेजारचा नर ती हद्द घेतो. अंड्यांवर बसलेला रातवा (जमिनीवर अंडी देणारा निशाचर पक्षी) शेवटपर्यंत चिकटून राहतो. या दोघांच्या अगदी जवळ जाता येते, पण म्हणून त्यांना चालते असे समजायचे कारण नाही.

कळप कसा वाचायचा

माद्यांच्या कळपात इशारे साधारण ठरलेल्या क्रमाने येतात. आधी एकच मादी मान वर करते आणि कान तुमच्या दिशेने रोखते. बाकीच्या चरत असतात. तुम्ही तसेच चालत राहिलात तर तीन-चार माना वर येतात, अंगे तुमच्याकडे वळतात. मग एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते किंवा नाकातून फुत्कारते. विखुरलेले प्राणी एकमेकांजवळ येऊ लागतात, चालू लागतात, आणि चालण्याची दिशा तुमच्यापासून दूर किंवा तुमच्या वाटेला आडवी असते. शेवटी एक मादी चारही पाय उचलून उंच उडी घेते, तिच्यामागे दुसरी, आणि कळप धावतो. उडी दिसली की काही करण्यासारखे राहिलेले नसते. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठते, त्यामुळे कळप पाहता पाहता दोन शेते ओलांडून जातो.

तुमचे काम पहिल्या मानेपाशी संपते. एक मान वर आली की पाऊल जिथे आहे तिथे थांबा. नजर कळपाच्या बाजूला ठेवा, थेट रोखू नका. मान खाली जाऊन निदान दोन मिनिटे खालीच राहिली तर पुढे जायला हरकत नाही. यात एक फसवे लक्षण आहे, ते नवख्याला कळत नाही: मादी तोंड खाली घालते, पण चावत नाही, आणि लगेच झटक्यात मान वर करते. तिला तुम्ही हललात का ते पाहायचे असते. हे दोनदा झाले तर तीस-चाळीस पावले मागे या. मागे येताना पाठ फिरवून भरभर निघू नका, तिरके आणि सावकाश या.

मोठा कळप लवकर सावध होतो, कारण डोळे जास्त असतात. आठ-दहा माद्यांच्या कळपापेक्षा चाळीसच्या कळपाला दूरूनच पाहावे. पिले असतील तर आणखी दूरून. नवजात पिलू आई सोबत घेऊन फिरत नाही, गवतात दडवून ठेवते. ते अंग चोरून, मान जमिनीला टेकवून निपचित पडते. असे पिलू दिसले तर ते अनाथ आहे असे समजून उचलू नका. आई तुम्ही निघून जाण्याची वाट पाहत कुठेतरी उभी असते. गुपचूप शंभर पावले बाजूला व्हा आणि त्या वाटेने परत येऊ नका. पिलू जखमी दिसत असेल, किंवा कुत्री मागे लागली असतील, तरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चालायचे कसे

सरळ रेषेत प्राण्याकडे चालणे म्हणजे पाठलाग. तिरके चाला, जणू तुम्हाला त्याच्या उजवीकडच्या बांधावर जायचे आहे. पन्नास-साठ पावलांनी दिशा बदला आणि दुसऱ्या बाजूला तिरके जा. असे वळणावळणाने अंतर हळूहळू कमी होते आणि प्रत्येक वळणावर थांबायला आपोआप कारण मिळते. वेग गुरे वळायला निघालेल्या माणसाएवढा असावा: दोन सेकंदाला एक पाऊल पुरे. थबकत, पुन्हा झपाझप, पुन्हा थबकत असे चालू नका. शिकारी तसाच चालतो.

चारपेक्षा जास्त माणसे असतील तर गट फोडा. चौघांनीही एकामागोमाग चालावे, शेजारी शेजारी फळी करून चालू नये. रुंद फळी प्राण्याच्या नजरेत हाक्यासारखी, म्हणजे शिकारीसाठी जनावरे हाकणाऱ्या रांगेसारखी दिसते. हलक्या आवाजात एकसुरी बोलले तर चालते. एकदम कुजबुज, मग हसू, मग शांतता, हे जास्त टोचते.

हात वर करू नका, बोट दाखवू नका. सोलापूरच्या रानात याला खास कारण आहे. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली की राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, दगड मारतो, आरोळी ठोकतो. काळविटांना, चिमण्या-पोपटांना, अगदी कोल्ह्यालाही वर गेलेला हात म्हणजे दगड हे पक्के ठाऊक असते. कुठे पाहायचे ते सोबत्याला सांगायचे असेल तर झाडाची खूण सांगा: ‘दोन हिवरांच्या मध्ये, डावीकडच्याच्या बुंध्यापाशी’. कॅमेऱ्याची लांब लेन्स झटक्यात उचलणेही याच जातीतले आहे. ती छातीपाशी धरून चाला आणि सावकाश डोळ्यापर्यंत न्या.

कपड्यांबद्दल लोक फार बोलतात. काळवीट, लांडगा, खोकड (कोल्ह्याचा छोटा भाऊबंद) यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना हालचाल आणि उजेड-अंधाराचा फरक पटकन दिसतो. म्हणून पांढरा शर्ट आणि उन्हात चमकणारे घड्याळ टाळा, एवढे पुरे. पक्ष्यांना रंग चांगले दिसतात, त्यांच्यासाठी मातकट कपडे घालावेत. पण पांढरे धोतर आणि तांबडा पटका घातलेला धनगर मेंढरांसोबत काळविटांच्या कळपाजवळून जातो आणि त्यांच्या माना वरही होत नाहीत. तो रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच वेगाने जातो आणि त्यांच्याकडे पाहत नाही. महागड्या ठिपकेदार जॅकेटापेक्षा हे वागणे कामाला येते.

पायांत गुडघ्याखालपर्यंत जाड मोजे किंवा कापडी पट्ट्या बांधा. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळते आणि त्याची कुसळे साध्या मोज्यांतून पोटरीत शिरतात. दर दहा पावलांनी वाकून कुसळ काढणारा माणूस कोणत्याही प्राण्याला स्वस्थ बसू देत नाही.

वारा की ऊन?

सस्तन प्राण्याच्या बाबतीत वाऱ्याला तोड नाही. मातीची चिमूट खांद्याच्या उंचीवरून सोडा, धूळ जिकडे जाईल तिकडे तुमचा वास जातो. प्राणी त्या बाजूला असेल तर वळसा घाला.

इथे एक पेच पडतो. हिवाळ्यात सोलापुरात वारा बहुधा पूर्वेकडून येतो. सकाळी फोटोसाठी सूर्य पाठीशी हवा तर तुम्ही प्राण्याच्या पूर्वेला उभे राहणार, म्हणजे तुमचा वास थेट त्याच्याकडे. हिवाळ्यातल्या सकाळी प्रकाश आणि वारा दोन्ही मिळत नाहीत. लांडगा, खोकड, काळवीट पाहायचे असेल तर वारा निवडा आणि पश्चिमेकडून जा, डोळ्यांवर ऊन आले तरी चालेल. पक्ष्यांसाठी ऊन निवडा, कारण माळावरच्या बहुतेक पक्ष्यांना तुमच्या वासाने फरक पडत नाही. हिवाळ्यातल्या संध्याकाळी मात्र दोन्ही जुळतात: पश्चिमेकडून पूर्वेला तोंड करून जा, ऊन पाठीवर आणि वारा तोंडावर. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा होतो, तेव्हा हाच योग सकाळी येतो. मार्च ते मे दुपारी वारा कसाही फिरतो आणि वावटळी उठतात. तेव्हा चिमूट दर दहा मिनिटांनी सोडावी लागते. पण त्या उन्हात प्राण्यांना उठवायलाच जाऊ नये, हे पुढे येईलच.

गाडी

रस्त्याने एका वेगाने जाणाऱ्या गाडीकडे कळप सहसा दुर्लक्ष करतो. गाडी थांबली की एक मान वर येते. दार उघडले आणि माणसाची आकृती गाडीपासून वेगळी झाली की पळापळ होते. म्हणून गाडीतून पाहायचे असेल तर गाडीतूनच पाहा. थांबायच्या जागेआधी शंभर मीटरवर वेग कमी करा, कळपाच्या जरा पुढे नेऊन थांबवा, इंजिन लगेच बंद करू नका. अर्ध्या मिनिटाने बंद करा, कारण आवाज एकदम तुटला की प्राणी दचकतात. काचा आधीच खाली घेतलेल्या असाव्यात. संगीत बंद, कॅमेऱ्याची लेन्स काचेच्या कडेवर टेकवलेली.

चाकोरी सोडून माळात गाडी घालू नका. त्या गवतात चंडोल, डोंबारी, माळटिटवी यांची घरटी थेट जमिनीवर असतात आणि चाकाखाली आलेले घरटे चालकाला कळतही नाही. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाणे हा तसाही गुन्हा आहे. आधी नान्नजला वनखात्याकडे नोंद करा, त्यांच्या माणसाला सोबत घ्या. कोणत्या बाजूला घरटी आहेत आणि आज तिकडे का जायचे नाही, हे त्याला ठाऊक असते.

अंतर मोजायची पद्धत

आपल्या भागातले प्राणी माणसाला किती सोसतात हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजावे. हे काम सामान्य आणि घरट्यात नसलेल्या पक्ष्यांवरच करा: गायबगळे, टिटव्या (ऑगस्टनंतर), वेडे राघू, साळुंक्या. लांडगा, खोकडाचे बीळ, माळढोक, पिलांसकटचा कळप यांच्यावर कधीही करू नका, कारण या मोजणीत शेवटी प्राणी उठवावाच लागतो.

आधी स्वतःचे पाऊल मोजा. सपाट मुरमावर ५० मीटर टेप लावा, नेहमीच्या चालीने तीनदा चाला, पावलांची सरासरी काढा. बहुतेकांना ६५ ते ७५ पावले लागतात. मग एकटा, शांतपणे उभा किंवा चरत असलेला पक्षी निवडा. जिथून निघालात तिथे एक दगड ठेवा. हे सुरुवातीचे अंतर लिहिणे फार लोक विसरतात आणि मग आकडे जुळत नाहीत: दूरवरून चालत आलात तर पक्षी बहुधा दूरूनच उठतो, जवळच्या झुडपाआडून निघालात तर जवळ येऊ देतो. या मोजणीपुरते सरळ, एका वेगाने चाला. पक्ष्याने मान उंचावली की दुसरा दगड टाका, न थांबता पुढे जा. तो उडाला किंवा पळाला की तिसरा दगड टाका, आणि पक्षी होता त्या जागेपर्यंत पावले मोजत जा. प्रत्येक दगडापासून त्या जागेपर्यंतचे अंतर वहीत लिहा. सोबत वेळ, वारा, थवा किती जणांचा, जवळ झाड किंवा पाणी किती अंतरावर, आणि तिथे माणसांची वर्दळ किती, हेही लिहा. एका पक्ष्यावर एकदाच. उडालेला पक्षी पुढे जिथे बसेल तिथे त्याला पुन्हा उठवून ‘दुसरी नोंद’ करायची नाही. तो आधीच बिथरलेला असतो आणि आकडाही खोटा येतो.

शहरातला सिद्धेश्वर तलाव आणि तुळजापूर रस्त्याकडचा हिप्परगा तलाव, दोन्हीकडे एकाच जातीच्या बगळ्यांवर दहा-दहा नोंदी करून पाहा. देवळाच्या गर्दीला सरावलेले बगळे सहसा माणसाला पुष्कळ जवळ येऊ देतात. शहरी पक्ष्यांचे पळ-अंतर कमी असते, हे जगभर दिसून आले आहे. या सरावाचा उलटा अर्थ काढू नका. सिद्धेश्वराच्या बगळ्यावर मिळालेला आकडा हिप्परग्याला वापरला तर तिथला प्रत्येक थवा उठेल.

आकडे हाती आले की नियम सोपा आहे: दखल-अंतराच्या दीडपटीवर थांबा. चाळीस मीटरवर मान वर करत असेल तर साठ मीटरवर बसा. आकडेच नसतील तर काळविटांच्या कळपापासून पायी १५० मीटर ठेवा, आणि शेताची राखण चालू असेल तिथे त्याच्या दुप्पट. ८ × ४२ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण एवढ्या अंतरावरून नराचे डोळ्याभोवतीचे पांढरे वर्तुळही दाखवते. त्याहून जवळ जायची गरज बहुधा कॅमेऱ्याला असते, पाहणाऱ्याला नसते.

लांडगा, खोकड, तरस

लांडगा माणूस दिसला की सहसा धूम ठोकत नाही. तो दुडक्या चालीने दूर जातो, थांबतो, वळून पाहतो, पुन्हा चालतो. अंतर पुरेसे झाले की बसतोही. या वळून पाहण्याला लोक ‘तो आपल्याला अंगावर घ्यायला बघतोय’ समजतात. तो तुमची दिशा तपासत असतो. तुम्ही त्याच दिशेने निघालात की तो पुन्हा उठतो, आणि असे तीन-चार वेळा झाले की त्या दिवसाची शिकार गेली. पहिल्यांदा थांबून वळला की तुम्ही बसा. उकिडवे नको, मांडी घालून बसा, म्हणजे तुम्ही पुढे येणार नाही हे त्याला दिसते.

लांडग्यांची पिले साधारण डिसेंबरपासून पुढे ओढ्याच्या काठच्या बिळात असतात. बिळापाशी माणसांचा वावर झाला तर मादी पिले तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि या हलवाहलवीत पिले कुत्र्यांच्या तोंडी पडतात. ओढ्याच्या काठावर ताजी उकरलेली माती, हाडांचे तुकडे आणि बारीक पावले एकत्र दिसली तर तिथे थांबून फोटो काढू नका, आल्या वाटेने परत फिरा.

खोकड लहान, शेपटीचे टोक काळे. त्याच्या बिळाला अनेक तोंडे असतात. बिळाजवळ मादी भुंकत तुमच्याभोवती घिरट्या घालत असेल तर पिले आत आहेत. ती तुम्हाला दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करत असते. तिच्या मागे न जाता सरळ दूर व्हा, तोंडे मोजत बसू नका.

तरस रात्रीचा प्राणी. दिवसा गाठ पडली तर तो पाठीवरचे केस उभे करून मोठा दिसायचा प्रयत्न करतो. अडवले नाही तर निघून जातो. खोल नाल्यात, पुलाखाली, पडक्या विहिरीच्या काठाशी त्याची वाट तुम्ही अडवत नाही ना, हे आधी पाहा. हेडिगर यांचे ते तिसरे अंतर इथे लागू होते.

या तिघांपैकी कोणीही दिवसाढवळ्या झोकांड्या खात, लाळ गाळत, आवाजाला न घाबरता तुमच्याकडे येत असेल तर तो धीट झाला नसून त्याला पिसाळ रोग (रेबीज) झाला असण्याची शक्यता आहे. गाडीत बसा किंवा उंचावर चढा आणि १९२६ला कळवा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा, जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रोगाविरुद्धची तयार प्रतिपिंडे) मागा. ‘खरचटलंय फक्त’ म्हणून थांबणे जीवावर बेतते.

माळढोक दिसलाच तर

नान्नजचे अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झाले. आता त्याचे दर्शन अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून एक पक्षी दिसला तरी वागणे चोख हवे. तो मान ताठ उभारून पाहतो, मग चालत दूर जातो. उडणे हा त्याचा शेवटचा उपाय असतो. अंगाने जड असल्यामुळे उडायला कष्ट पडतात, आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे घाबरून उडालेला माळढोक विजेच्या तारांवर आदळू शकतो. मान ताठ झाली की गाडी असेल तर थांबवू नका, त्याच वेगाने पुढे न्या. पायी असाल तर खाली बसा आणि तो चरू लागेपर्यंत हलू नका. पावसाळ्यात मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि ते सुमारे २७ दिवस उबवते. एकदा तिला उठवले तर घारी-कावळ्यांना अंडे पळवायला एवढा वेळ पुरतो. जागा, वेळ, पक्षी कोणत्या दिशेने गेला हे वनरक्षकाला सांगा. व्हॉट्सॲपच्या गटावर जागेचे नाव टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या येतात.

उन्हाळ्यातली घरटी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि नेमक्या याच दिवसांत टिटवी, माळटिटवी जमिनीवरच्या खळग्यात अंडी देतात. त्या उन्हात पक्षी अंडी उबवत नसतो, सावली धरून ती थंड ठेवत असतो. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते ती त्यासाठीच. म्हणून दुपारी पक्ष्याला दहा मिनिटे उठवून ठेवले तर अंड्यातला जीव जाऊ शकतो. हिवाळ्यात जे वागणे नुसते अरसिक ठरते ते उन्हाळ्यात घरटे मारते.

टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घेऊ लागली, किंवा पंख मोडल्यासारखी लोळत पुढे पळू लागली, की थांबा आणि पायाखाली पाहा. अंडी मुरमाच्या रंगाची असतात, दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. आल्या पावलांवर पाय टाकत परत फिरा. सकाळी नऊनंतर आणि दुपारी चारच्या आधी उघड्या माळावर भटकू नका. हिवाळ्यात उलट काळजी संध्याकाळची असते: भोवत्ये (माळावरचे शिकारी पक्षी) सूर्यास्ताच्या सुमारास गवतात जमिनीवर उतरून रात्र काढतात. पाचनंतर दाट गवतातून चाललात तर तो मुक्काम उधळतो आणि अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहताना नावाड्याला आधीच सांगून ठेवा. चरणाऱ्या रोहितांची डोकी पाण्यात असतात. माना सरळ उभ्या राहिल्या आणि सगळा थवा एका दिशेने चालू लागला की इंजिन बंद, वल्हे वर. ते उडण्याआधी पाण्यावर धावतात, त्यामुळे एकदा उठलेला थवा पुष्कळ शक्ती खर्च करून बसलेला असतो.

जिथे नियम उलटा आहे

उसात शांतपणे चालू नका. करमाळा तालुक्यात २०२० च्या डिसेंबरात बिबट्याने माणसे मारली, तेव्हापासून हे वेगळे सांगावे लागत नाही, तरी पाणी धरायला जाताना लोक विसरतात. उसाच्या कडेने बोलत, काठी आपटत, मोबाइलवर गाणी लावून जा. वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान दिसतो. रात्री दोघांनी जावे आणि एकाने उभे राहून बॅटरी फिरवत राहावे. बिबट्या दिसला तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, ओरडत मागे सरका. माळावर काळविटाला जे चालत नाही ते सगळे इथे करायचे.

सापाला हवेतला आवाज फारसा कळत नाही, जमिनीचा हादरा चांगला कळतो. जोरात पाय टाकत चालले तर बहुतेक साप वाट सोडतात. घोणस मात्र सोडत नाही. ती वेटोळे करून जागीच राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. फुरसे खवल्यावर खवले घासून खरखर करते. मण्यार दिवसा सुस्त, रात्री चपळ आणि काहीच इशारा देत नाही, म्हणून माळावर जमिनीवर झोपू नका. आवाज आला की जागीच थांबा, साप कुठे आहे ते दिसल्यावरच त्याच्यापासून दूर पाऊल टाका, निदान तीन मीटर. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे काही नको. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, १०८ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

थोडे राहिलेले

कुत्रा सोबत आणू नका, साखळीला बांधलेलाही नको. काळवीट आणि ससा यांना माणसापेक्षा कुत्र्याचा धसका जास्त असतो, आणि कुत्र्यांचे आजार खोकड-लांडग्यांना लागतात. बिस्किटे, शिळ्या भाकरी टाकू नका. रस्त्याकडेला खायला मिळते हे कळलेले खोकड गाडीला बुजत नाही आणि गाडीखालीच मरते. मोबाइलवर तित्तराचा आवाज लावला तर नर आपली हद्द राखायला उघड्यावर येतो आणि शिकारी पक्ष्याला सापडतो. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, बाहेरही काळवीट त्याला बुजून धावत सुटतात.

परतताना अंधार झाला तर नान्नजच्या आडरस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. रातवा तापलेल्या डांबरावर बसतो, दिव्यात त्याचे डोळे तांबडे चमकतात आणि तो उडत नाही. ससा दिव्याच्या झोतातून बाहेर न पडता नागमोडी पुढे पळत राहतो. दोन्ही वेळा हॉर्न उपयोगाचा नाही. मोठा दिवा लहान करा, गाडी थांबवा, पाच-सात सेकंद दिवा पूर्ण घालवा आणि पुन्हा लावा. तोवर रस्ता मोकळा झालेला असतो.